पाठमोरी पारख

काल परत एक बाई ओटीवर येऊन बसल्या. मुलगा पथकात येऊन सहा महिने झाले, तेव्हा त्याच्या स्वभावात काय फरक पडला ते मी सांगावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बरा आहे." "बरा म्हणजे?" "बरा म्हणजे बरा." बाईंचा चेहरा उतरला. पाण्याला हात न लावता उठल्या. आता आळीभर सांगत सुटतील की याला काही समजत नाही. सांगोत बापड्या, खरंच आहे ते. दहा वर्षं मी रत्नागिरीतली पोरं हाकतोय, शनिवारी गावाबाहेरच्या कातळी सड्यावर नेतोय, परत आणतोय, आणि कुठल्या पोराचं शील किती वाढलं ते मला अजून सांगता येत नाही. कंटाळा म्हणा, भीती म्हणा. मी आता त्या दोन्हीत फरक करत नाही.

ही खोड इथल्या बायकांना लावून ठेवली ती मास्तरांनी. स्वतः सुटले, आणि मी बसलोय निस्तरत.

मास्तर म्हणजे आमचे ड्रॉइंगमास्तर. लांब काळा कोट, खिशात खडूचे तुकडे, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत मिटलेली छत्री. पथक त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. ते ना सरकारी बालवीरांचं, ना कुठल्या पुढाऱ्याचं, आणि आखाडाही नव्हे. गणवेश नाही, शिट्टी नाही, बिगूल नाही. शनिवारी शाळा सुटली की वीस-पंचवीस पोरं घेऊन चालायला जायचं, एवढंच. कधी भगवतीच्या किल्ल्यावर, कधी भाट्याची खाडी उतरून पलीकडे, कधी नाचण्याच्या नाहीतर मिरजोळ्याच्या सड्यावर. पोरं पुढे आणि मास्तर सगळ्यांच्या मागे. पुढे कोणी रस्ता चुकला तरी हाक मारायची नाही. चुकू दे, म्हणायचे.

"पुढून सगळेच देव दिसतात रे," हे त्यांचं ठरलेलं. "माणूस बघावा पाठमोरा. तोंडाला शिकवता येतं, पाठीला येत नाही."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा मी बाजारात त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि नमस्कार केला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओळख पटेना. तीन वर्षं मी त्यांच्या पथकात होतो, हसू की रडू असं झालं मला. मग म्हणाले, "जरा वळ बघू." भर बाजारात, सुक्या मासळीच्या टोपल्यांसमोर मी वळून उभा राहिलो. "हां, तू होय! मग तसं सांगायचं ना." मासळीवाली तोंडाला पदर लावून हसत होती. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा एकदा काय ते यांनी मला समोरून बघितलं. त्यानंतर नाही."  काकू आत जायला वळल्या की मात्र मास्तर त्यांच्याकडे बघत बसायचे.

मागून चालून ते बघायचे तरी काय? बघायचे ते असं. गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, पोरं उड्या मारतात तेव्हा एखादा चिरा पडतोच. तो उचलून परत कोण ठेवतो? झऱ्यावर पहिली ओंजळ कोण पितो, आणि दुसऱ्याला ओंजळ भरून कोण देतो? फणस फोडायची वेळ आली की हाताला तेल लावून पुढे कोण होतो, आणि चीक लागेल म्हणून बुटाचा बंद नसताना बांधायला कोण वाकतो? कागदावर काही लिहीत नसत. "लिहिलं की मनुष्य तिथेच थांबतो," म्हणायचे. सगळं डोक्यात.

मग वर्षातून दोनदा पारख. एकदा दसरा झाल्यावर आणि एकदा अक्षय्यतृतीयेच्या आसपास. प्रत्येक मुलाच्या घरी जायचे. ओटीवर बसायचे, पाणी आणि गुळाचा खडा घ्यायचे, आणि मुलाच्या आईला एक वाक्य सांगायचे. एकच. बापाला नाही, मुलाला तर नाहीच. वाक्य सांगितलं की उठले. आईनं कितीही विचारलं की म्हणजे काय हो, तरी दुसरं वाक्य नाही. सबंध रत्नागिरीत त्या आठवड्यात बायकांना दुसरं काम सुचायचं नाही. विहिरीवर एकच विषय, तुझ्याकडे येऊन गेले का आणि काय म्हणाले.

"तुमचा बाबू देतो, पण दिलं हे सांगतो." "तुमचा वामन चुकला की हसतो." "तुमचा चिंतू एकटा असला की शहाणा असतो." अशी ती वाक्यं. वामनची आई आठ दिवस त्याच्या तोंडाकडे बघत होती, हसला की धपाटा. चिंतूला तर त्याच्या आईनं माळ्यावर एकट्यालाच बसवायला सुरुवात केली.

माझ्या आईला सांगितलं, "तुमचा मुलगा सांगितलेलं सगळं करतो." आईला काय आनंद! साखर वाटली शेजारी. मीही छाती काढून फिरलो. हे काही कौतुक नव्हे, हे माझ्या डोक्यात शिरायला दीड वर्ष गेलं. तोवर मास्तरांनी मला पथकाचा नायक करून टाकलं होतं. मॅट्रिकला दोनदा आपटून मी कचेरीत उमेदवारी करत होतो, शनिवारी मोकळा असायचो. आणि सांगितलेलं सगळं करणारा माणूस कोणाला नको असतो?

फौजदाराची गंमत सांगायलाच हवी. दिवस चळवळीचे. पंचवीस पोरं दर शनिवारी गावाबाहेर जातात म्हणजे काय, म्हणून त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं. "तुमचं पथक करतं काय?" "चालतं." "कुठे?" "पुढे." "आणि तुम्ही?" "मी मागे." फौजदारानं कपाळाला हात लावला आणि साध्या वेषातला एक शिपाई मास्तरांच्या मागावर सोडला. दोन शनिवार तो आमच्या मागून चालला. स्वतःच्या मागे कोणी आहे म्हटल्यावर मास्तर असे बेचैन झाले की विचारू नका. तिसऱ्या आठवड्यात थेट त्या शिपायाच्या घरी जाऊन त्याच्या आईला वाक्य सांगून आले, "तुमचा मुलगा हे काम लाजत लाजत करतो." शिपाई परत काही आला नाही.

तर असे हे मास्तर. लोक हसायचे आणि मानायचेही. त्यांचं वाक्य सहसा चुकायचं नाही, हे सगळ्यांना कबूल होतं. मला तर इतकं कबूल होतं की पुढे जे झालं त्यात मी त्यांच्याबरोबरीनं हातभार लावला.

धाकू मिरजोळ्याचा. कुणब्याचा पोर. बाप मुंबईला गिरणीत, आई शेत बघायची आणि लाकडाचा भारा घेऊन बाजारात यायची. आम्ही एकदा मिरजोळ्याच्या सड्यावर गेलो होतो, हा गुरं राखत होता. आमच्या पोरांनी गडग्यावरून उड्या मारल्या, दोन चिरे पडले, कोणी मागे वळून पाहिलं नाही. यानं गुरं सोडून येऊन दोन्ही चिरे जागच्या जागी बसवले. मास्तर मागे होते, त्यांनी ते पाहिलं. झालं! दोन महिने मास्तर त्या वाडीच्या खेपा घालत होते. आईला समजावलं, बापाला मुंबईला पत्रं घातली, हेडमास्तरांकडे बसून फीची नादारी मिळवली. पोरगं वयानं मोठं, वर्गातली बाकीची त्याच्या खांद्याला लागायची. पण त्या वाडीतनं इंग्रजी शाळेत आलेलं ते पहिलंच पोर. रोज मिरजोळ्याहून चालत यायचा आणि चालत जायचा. गणितात तर असा, की आमच्या वकिलांच्या मुलांनी त्याच्या वहीतून उतरवून घ्यावं.

वर्षभर सगळं झकास चाललं. मग काय झालं, धाकू शनिवारी मागे पडायला लागला. दुपारी सगळ्यांच्या पुढे, ऊन कललं की मधे, आणि दिवस बुडायला आला की साफ मागे. परतताना मशाल धर म्हटलं की दुसऱ्याच्या हातात द्यायचा. किल्ल्यावरून उतरताना पाण्याची घागर त्याच्याकडे दिली, तर पाखाडीच्या पायरीवर बसून राहिला. "पाय दुखतोय," म्हणाला. मी म्हटलं, "धाकू, चढताना तर माकडासारखा चढलास." तो खाली बघत बसला. त्या दिवशी घागर मी आणली, आणि मला राग आला. मी मास्तरांना सांगितलं, "संध्याकाळ झाली की हा अंग चोरतो. घरी जायची घाई, दुसरं काय."

मास्तरांनी ते ऐकून घेतलं. तीन शनिवार त्याच्या मागून चालले, खास त्याच्याच मागून. बघत होते. आणि त्यांना तेच दिसलं जे मला दिसलं होतं. काम निघालं की हा थांबतो.

अक्षय्यतृतीयेच्या आधी ते मिरजोळ्याला गेले. मीही बरोबर होतो. धाकूच्या आईनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि हात जोडून उभी राहिली. मास्तर म्हणाले, "तुमचा धाकू काम आलं की मागे राहतो." आणि उठले. बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाटून काय उपयोग, मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो.

चार दिवसांनी ती बाजाराच्या दिवशी आमच्या ओटीवर आली. तिची पत्रं मीच लिहायचो, नवऱ्याला मुंबईला. नेहमीचं झालं, भाताचं बी, बैलाचा खूर, धाकटीचा ताप. मग म्हणाली, "आनी मास्तर काय बोलले तेवडं लिव. आपल्या पदरचं काय घालू नको."

मी लेखणी बुडवून थांबलो. तिचा नवरा कसला आहे हे मला पत्रांवरून माहीत होतं. कष्टाळू माणूस, आळसाचा त्याला तिटकारा. हे वाक्य वाचून तो काय करेल हे न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो. न लिहिता लिहिलं म्हणून सांगितलं असतं तर तिला वाचता थोडंच येत होतं? पण मी लिहिलं, आणि तेही चांगलं वळणदार. सांगितलेलं सगळं करतो ना मी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. "पोर शाळेत जाऊन कामचुकार होत असेल तर ती शाळा नको. पाऊस लागायच्या आत बोटीत बसवून देणे. इथे गिरणीत खात्यावरच्या जॉबरला सांगून ठेवले आहे." मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं पत्र घेतलं आणि कमरेला खोचलं.

मी धावत मास्तरांकडे गेलो. ते चित्रं तपासत होते. ऐकून त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही एकदा जाऊन सांगा, शाळा नका सोडवू म्हणून. तुमचं ऐकतील."

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय? पण पोराचं शिक्षण—"

"वाक्य एकदा सांगितलं की ते त्या घरचं होतं. त्यात मी परत हात घालत नाही." मग पेन्सिल घेऊन परत चित्रांवर वाकले. हट्टी माणूस! मी तणतणत घरी आलो. आईनं विचारलं काय झालं, तिच्यावरच ओरडलो.

धाकू गेला त्या दिवशी बंदरावर आम्ही दोघेही गेलो. हंगामाची शेवटची बोट, चाकरमान्यांची झुंबड. आगबोट दुपारी यायची ती दिवस मावळायला आली. ती लांब पाण्यात उभी राहते, माणसं पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, न्यायची. किनाऱ्यापासून पडावापर्यंत एक फळी टाकलेली. धाकू डोक्यावर ट्रंक आणि हातात गाठोडं घेऊन रांगेत उभा होता. आई रडत होती. त्यानं आमच्या पायाला हात लावला आणि फळीकडे वळला. मास्तर सवयीनं त्याच्या मागेच उभे.

फळीच्या टोकाशी धाकू थांबला. मागची माणसं ओरडायला लागली, "चल रे, चल! बोट काय तुझ्यासाठी थांबतेय?" त्यानं एक पाय पुढे केला आणि फळी चाचपली. पडावावरचा तांडेल, राजिवड्याचा एक म्हातारा मुसलमान, हात पुढे करून उभा होता. धाकूनं हात पुढे केला तो भलतीकडे, हवेत. तांडेल क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग स्वतः फळीवर आला, त्याच्या दंडाला धरलं, आणि पाऊल पाऊल सांगत त्याला पडावात नेऊन बसवलं.

पडाव बोटीला लागून परत आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. तांडेल मास्तरांना ओळखत होता, त्यांना कोण ओळखत नाही? म्हणाला, "मास्तर, तो पोरगा तुमच्या शाळेतला ना? त्याला सांजचं दिसत नाय."

मास्तर म्हणाले, "काय?"

"रातांधळा हाय तो. आमच्यातपन होतं पोरांना. मुशी माशाच्या काळजाचं तेल द्यायचं, महिन्याभरात बरं. कुनी दिलं नाय काय?"

"मी तीन शनिवार त्याच्या मागून चाललो," मास्तर म्हणाले. तांडेलाला नव्हे, असेच.

तांडेल हसला. भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. "मागनं कसं दिसंल मास्तर? डोळे पुडं असतात."

बोटीनं भोंगा दिला. मला ब्रह्मांड आठवलं. किल्ल्याची पाखाडी, घागर, मशाल, सगळं एका क्षणात उलगडलं. दुपारी पुढे आणि संध्याकाळी मागे! एवढं साधं होतं. वीस वर्षांचा घोडा मी, तीन हात लांबून त्याला बघत होतो आणि त्याला म्हटलं काय, तर चढताना माकडासारखा चढलास म्हणून. मास्तर बोट दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "परत केव्हा?" मी म्हटलं, "आता कुठली? गणपती झाल्यावर सुरू होतील बोटी."

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी मला सांगून धाकूच्या बापाला पत्र लिहवलं. हे पत्र मी मन लावून लिहिलं. मुलाच्या डोळ्यांना विकार आहे, कामचुकार नाही, परत पाठवा, नादारीचं मी बघतो. उत्तर दोन ओळींचं. "पोर गिरणीत रिंगखात्यात, सुतावर, लागले आहे. डोळ्यांसाठी बकऱ्याचे काळीज आणून खाऊ घालतो आहे. लागलेले काम सोडवणे बरे नाही." त्याच्या बाजूनं तेही बरोबरच होतं. आधी तुम्हीच सांगता आळशी आहे, मग तुम्हीच सांगता नाही. माणसानं किती वेळा पोर बोटीत घालायचं?

आषाढात भर पावसात मास्तर मिरजोळ्याला निघाले. मी छत्री धरून बरोबर. धाकूच्या आईकडे बसले, पाणी घेतलं, गूळ घेतला. म्हणाले, "यंदा लावणी लवकर उरकली वाटतं." ती म्हणाली, "होय." मग बसून राहिले. पागोळ्या गळत होत्या. थोड्या वेळानं उठले आणि निघाले.

वाटेत मी भडकलो. "सांगितलं का नाहीत? एवढं भिजत आलो ते लावणीचं विचारायला?"

"वाक्य होईना रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी छत्री सगळी त्यांच्यावर धरली.

त्या दसऱ्यानंतर ते कोणाच्याच घरी गेले नाहीत. बायका वाट बघत राहिल्या. मग कोणी म्हणालं मास्तरांची प्रकृती बरी नाही, कोणी म्हणालं फौजदारानं बंदी घातली. शनिवारी चालणं चालू होतं. पण मास्तर मागून चालताना खाली बघायचे, आणि पडलेला चिरा स्वतःच उचलून ठेवायचे. पोरांना तर बरंच झालं, आता खुशाल उड्या मारा. सगळा गाडा हळूहळू माझ्या गळ्यात आला.

शिमग्याला चाकरमानी आले. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे होतो, आणि धाकू पायऱ्या चढून आला. उंच झालेला, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, केस मागे फिरवलेले. हातात मुंबईच्या मिठाईचा पुडा. मास्तरांच्या पायाला हात लावून म्हणाला, "मास्तर, डोळं बरं झालं. आता रातचं दोरा पन ओवतो."

मास्तरांनी त्याला समोर बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. धाकू अवघडला. मग त्यानं खिशातून काहीतरी जपून बाहेर काढलं. गिरणीचं हजेरीचं तिकीट. ते मास्तरांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बघा. दहा म्हैनं झालं, एक खाडा नाय. तापात पन गेलो. जॉबर बोलतो, असा पोर खात्यात नाय. तुमी बोलला होतात ना, काम आलं की मागं ऱ्हातो. तवा ठरवलं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मीच कसंतरी म्हटलं, "अरे धाकू, तुला दिसतच नव्हतं ना तेव्हा."

"नाय दिसायचं ते खरं," तो म्हणाला. "पन दुसरा कुनी असता तर चाचपडत गेला असता. मी बसलो. मास्तरांनी बराबर पकडलं." आणि मग लाजत, जरा आर्जवानं म्हणाला, "आता एकदा येऊन आयेला सांगा ना मास्तर. लई लागलं होतं तिला. तुमी सांगितलंत की ती मानंल."

मास्तर कोट घालायला आत गेले. बराच वेळ लागला त्यांना.

भर दुपारी आम्ही तिघे मिरजोळ्याला गेलो. त्या दिवशी मास्तर पुढे चालले, आम्ही मागे. त्यांची पाठ मी आजवर पाहिलीच नव्हती. कोट खांद्यावर पार विरला होता आणि एका बाजूनं ते जरा वाकून चालत. रस्ताभर धाकू मला गिरणीतलं सांगत होता, बॉबिनी कशा काढायच्या, भोंगा कधी होतो. मी हूं हूं करत होतो.

त्याची आई खळ्यात कुळीथ बडवत होती. हात झटकून आली, पाणी आणि गूळ घेऊन. मास्तरांनी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा धाकू काम टाळत नाही."

धाकूचं तोंड असं फुललं! आई हसली. "मी पन तेच म्हनते. मुंबईनं सुदारला."

मास्तर आता उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. "मुंबईनं नाही," ते म्हणाले. "तो आधीही टाळत नव्हता. त्याला संध्याकाळी दिसत नव्हतं म्हणून मागे राहायचा. मला ते समजलं नाही. मी चुकीचं सांगून गेलो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिसत नाय ते मला ठाव होतं की. आमच्या वाडीत चार पोरांना हाय. रोज सांजला मीच पऱ्याच्या पान्यापतुर जायची ह्याला आनायला, हात धरून."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मला वाटलं, मास्तरांना ते ठाव हायच," ती म्हणाली. "एवढं बघतात पोरांकडं. ते धरून वर आनी काय खोट असंल ती सांगतायत, असं वाटलं. मी आई. मला त्याची खोट कशी दिसायची?"

 मास्तरांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी त्यांच्या कोटावर सांडत होतं.

धाकू आईकडे बघत होता, मग मास्तरांकडे. "म्हंजे मास्तर," तो म्हणाला, "मी जायला नको होतं?"

"नको होतं," मास्तर म्हणाले. "हेडमास्तरांशी मी बोलून ठेवलंय. जूनपासून ये. नादारी देतील, अजून देतील."

धाकूनं सदऱ्याचा खिसा चाचपला. तिकीट आत होतं.  मग त्यानं मास्तरांच्या हातातला तांब्या काढून घेतला, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरला. "पानी घ्या मास्तर. उन्हातनं आलात."

तिसऱ्या दिवशी ग्रामदेवीची पालखी त्यांच्या दारी यायची होती. सगळे चाकरमानी त्यासाठीच तर येतात. तेवढी होऊ दे, मग जा, म्हणून आई रडली. मास्तरांनीही निरोप धाडला. तो थांबला नाही. आदल्या दिवशीच्या बोटीनं मुंबईला गेला. होळीची सुट्टी तेवढीच होती; थांबला असता तर खाडा पडला असता.